खान्देशच्या उन्हात चालणारा अभ्यासाचा आणि गेमिंगचा लॅपटॉप: परवडणाऱ्या किमतीत निवड कशी करावी

दहावी-बारावीचे निकाल लागले की कॉलेज सुरू होईपर्यंत माझ्याकडे येणारे बहुतेक पालक एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: पन्नास-साठ हजारांत असा लॅपटॉप मिळेल का, ज्यावर मुलाचा अभ्यासही होईल आणि त्याला गेमही खेळता येतील? यातला ‘अभ्यास’ हा शब्द वडील ठासून उच्चारतात आणि ‘ग्राफिक्स कार्ड’ हा शब्द मुलगा शेजारी बसून हळूच पुटपुटतो. दोघांचेही समाधान होईल असा लॅपटॉप मिळतो. मात्र जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला तो निवडताना पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये सांगितलेला क्रम थोडा बदलावा लागतो, कारण तिथे उष्णतेचा मुद्दा शेवटी येतो आणि आपल्याकडे त्याला प्रोसेसर-रॅमइतकेच महत्त्व द्यायला हवे.

पहिली पायरी: दुकानाआधी कागद

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन याद्या कराव्यात. एक अभ्यासाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची आणि दुसरी मुलगा खरोखर खेळतो त्या गेमची. अभ्यासाची यादी बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा हलकी निघते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर, प्रोजेक्टचे टायपिंग आणि एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन या संगणकावर होणाऱ्या परीक्षांच्या सराव चाचण्या एवढेच लागते, आणि ते काम कोणताही बरा लॅपटॉप करतो. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला मेकॅनिकल-सिव्हिलमध्ये ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लागते, कॉम्प्युटर शाखेत अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. ही सॉफ्टवेअर भरपूर रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) खातात आणि त्रिमितीय ड्रॉइंग फिरवताना ग्राफिक्स कार्डही (चित्रे काढणारी वेगळी चिप) वापरतात, त्यामुळे गेमसाठी म्हणून दिलेले जादा पैसे इथे अभ्यासाच्याही कामी येतात. (ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर मोफत मिळते, कोणी पेनड्राइव्हवरून ‘फुल व्हर्जन’ टाकून देतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणावे.)

दुसऱ्या यादीत नुसते ‘गेम’ असे मोघम न लिहिता नावे लिहावीत, कारण खर्चाचा खरा आकडा तिथेच ठरतो. बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे मोबाइलचे गेम आहेत. त्यांच्यासाठी महागडा लॅपटॉप घेण्याचे काहीच कारण नाही. व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट हे गेम प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरही समाधानकारक चालतात. जीटीए फाइव्ह, फुटबॉलचे एफसी मालिकेतले गेम आणि क्रिकेट २४ यांच्यासाठी मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले बरे. यादीत फक्त पहिल्या दोन गटांतलीच नावे असतील, तर वीस-पंचवीस हजार रुपये वाचतात, आणि ही बचत बरेच लोक केवळ विचारले नाही म्हणून गमावतात.

दुसरी पायरी: पैशांची मर्यादा

साधारण ३५ ते ४५ हजारांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला पण चांगल्या प्रोसेसरचा लॅपटॉप, ५० ते ६५ हजारांत आरटीएक्स २०५० किंवा ३०५० हे कार्ड असलेला, आणि ७० हजारांच्या पुढे आरटीएक्स ४०५० किंवा त्याहून नवे कार्ड असलेला, अशी ढोबळ विभागणी धरून चालावे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती वाढल्यामुळे हे आकडे वर सरकत आहेत, म्हणून जाण्याच्या दिवशीचा भाव पाहूनच ठरवावे. एकूण रकमेतून तीन-चार हजार आधीच बाजूला काढावेत, कारण माउस, पाठीवरची चांगली बॅग आणि कूलिंग पॅड हे कोणी फुकट देत नाही, आणि दिले तरी ते टिकण्यासारखे नसतात.

सणांचा हिशेबही करावा. दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये भाव उतरतात आणि कापसाचे पैसेही त्याच सुमारास हातात येतात; कॉलेज सुरू होण्याच्या काळात जून ते ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांसाठी सवलती निघतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुहूर्त म्हणून खरेदी करायची असेल तर जरूर करावी, फक्त तेव्हा भाव कमी असेलच असे गृहीत धरू नये.

तिसरी पायरी: प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचणे

दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “आय-फाइव्ह शे ना भाऊ, मंग आखो काय जोयजे?” उत्तर असे की, अजून बरेच काही पाहिजे. ‘आय-फाइव्ह’ हे कुळाचे नाव आहे. माणूस ओळखायचा असेल तर पुढचे आकडे आणि शेवटचे अक्षर वाचावे लागते. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो प्रोसेसर कमी विजेवर चालणारा, बॅटरी पुरवणारा असतो. ‘एच’ असेल तर तो जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा असतो. म्हणून आय-फाइव्ह १२३५यू आणि आय-फाइव्ह १२४५०एच हे एकाच पिढीचे असूनही दोन वेगळ्या कामांचे आहेत, आणि गेमसाठी दुसरा उजवा ठरतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये फसगत आणखी सोपी आहे. ७००० मालिकेतल्या आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना किती जुनी आहे ते सांगतो. रायझन फाइव्ह ७५२०यू मधला ‘२’ म्हणजे झेन टू ही जुनी रचना, ७५३०यू मधला ‘३’ म्हणजे झेन थ्री. नावात केवळ दहाचा फरक, पण ७५२०यू मध्ये चार कोर (काम करणारे भाग) आणि अगदी किरकोळ ग्राफिक्स मिळते, तर ७५३०यू मध्ये सहा कोर आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स मिळते. किमतीच्या पाटीवर दोघांचेही नाव ‘रायझन फाइव्ह, ७००० सिरीज’ एवढेच लिहिलेले असते. सेलेरॉन किंवा इंटेलचे ‘एन’ अक्षराने सुरू होणारे प्रोसेसर टायपिंगपुरते ठीक आहेत. गेमच्या दृष्टीने त्यांचा विचारच करू नये. क्रोमबुकचेही (विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) तेच, त्यावर व्हॅलोरंटही चालत नाही आणि सॉलिडवर्क्सही.

चौथी पायरी: ग्राफिक्स कार्ड आणि त्याला मिळणारी वीज

इथे जरा थांबावे, कारण सर्वाधिक पैसे इथेच जातात आणि सर्वात कमी माहिती इथेच दिली जाते. आरटीएक्स ३०५० हे नाव असलेले कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालवलेले असू शकते आणि दुसऱ्यात ८० वॅटवर. चिप तीच, स्टिकर तेच; पण पहिल्या लॅपटॉपमध्ये कंपनीने शरीर बारीक ठेवण्यासाठी किंवा पंखे स्वस्त बसवण्यासाठी कार्डाचा घास तोडलेला असतो. गेममध्ये हा फरक उघड दिसतो, आणि कमी वॅटचे ३०५० पूर्ण वॅटच्या २०५० पेक्षा फार पुढे जाईलच, असेही सांगता येत नाही. शिवाय ३०५० दोन प्रकारांत मिळते, ४ जीबी आणि ६ जीबी मेमरीचे. नव्या गेमना ४ जीबी अपुरी पडू लागली आहे, त्यामुळे दोन-तीन हजारांचा फरक असेल तर ६ जीबीचे घ्यावे.

हा वॅटचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने शोधावा. तो तिथे नसेल तर एक गावठी पण उपयोगी उपाय आहे. चार्जर उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत. आउटपुटपुढे लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, तर २० गुणिले ७.५ म्हणजे १५० वॅट. वेगळे कार्ड असलेल्या लॅपटॉपसोबत चार्जर जेमतेम ९० वॅटचा निघाला, तर प्रोसेसर, कार्ड आणि स्क्रीन या तिघांना पोटभर वीज मिळणार नाही हे उघड आहे. १५० वॅट किंवा त्याहून मोठा चार्जर असेल तर कंपनीने निदान द्यायची तयारी ठेवलेली आहे.

पाचवी पायरी: रॅम किती, आणि ती कशी बसवलेली

१६ जीबी हा आज किमान आकडा धरावा. मात्र या आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती रॅम एका पट्टीत आहे की दोन पट्ट्यांत. हे मला स्वतःच्या घरात शिकावे लागले. माझ्या भाच्यासाठी आम्ही आय-फाइव्ह १२३५यू असलेला लॅपटॉप घेतला होता, स्टिकरवर ‘आयरिस एक्सई ग्राफिक्स’ असे ठळक लिहिलेले होते. घरी आणून पाहतो तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे नाव. दुकानदाराने फसवले असा समज करून आम्ही तणतणत परत गेलो, त्याने कंपनीकडे बोट दाखवले, आणि दोन दिवस वादात गेले. कारण साधे होते: आत ८ जीबीची एकच पट्टी होती, आणि इंटेलचे हे अंगभूत ग्राफिक्स दोन पट्ट्या असल्याशिवाय स्वतःला आयरिस एक्सई म्हणवून घेत नाही. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमचीच मेमरी उसनी घेते, आणि एका पट्टीतून ती निम्म्या वेगाने मिळते. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकल्यावर नावही बदलले आणि अडखळणारा व्हॅलोरंट सरळ चालू लागला. म्हणजे दुकानदारावर काढलेला राग वायाच गेला, पण स्टिकरवर ही अट कोणीतरी लिहायला हवी होती हे माझे मत कायम आहे.

म्हणून विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: रॅमच्या किती पट्ट्या बसवलेल्या आहेत, मोकळा स्लॉट आहे का, आणि रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे का. बारीक लॅपटॉपांत ती बरेचदा जोडलेलीच असते. अशा वेळी ८ जीबीचा लॅपटॉप ‘नंतर वाढवू’ म्हणून घेणे व्यर्थ आहे, कारण नंतर ती वाढत नाही.

एसएसडी, स्क्रीन आणि कीबोर्ड

साठवणीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरेशी असते. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, चोरी नव्हे. आजकाल एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, तेव्हा दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळी जागा आहे का ते पाहून ठेवावे. स्क्रीनमध्ये १४४ हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) यावर भुलण्यापूर्वी ती आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारी) आहे का आणि तिची चमक निदान ३०० निट्स आहे का ते पाहावे. स्वस्त गेमिंग लॅपटॉपांच्या स्क्रीन रंगांना फिकट असतात, जे गेममध्ये चालून जाते, पण ओसरीवर उजेडात बसून वाचताना डोळ्यांना त्रास देते. मराठी टायपिंगसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच असतो. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड असलेलाच घ्यावा.

सहावी पायरी: उष्णता

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अनेक कंपन्यांच्या तपशीलपत्रात लॅपटॉप वापरण्याच्या खोलीचे कमाल तापमान ३५ अंश लिहिलेले असते. याचा अर्थ तो लगेच जळेल असा नाही. पण खोली जेवढ्या अंशांनी तापते, साधारण तेवढ्याच अंशांनी आतली चिपही अधिक तापते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि २५ अंशांच्या एसी शोरूममध्ये तासभर सुरळीत चाललेला गेम पत्र्याच्या घरात दहा मिनिटांत अडखळू लागतो. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात राहणारे या बाबतीत नशीबवान आहेत.

त्यामुळे खान्देशात लॅपटॉप निवडताना बारीक आणि देखणे शरीर हा गुण न मानता तोटा मानावा. जाड असला, सव्वादोन-अडीच किलोंचा असला तरी चालेल, पण दोन पंखे आणि मागे व बाजूला हवेचे मोठे झरोके असलेला लॅपटॉप घ्यावा. तळ उलटा करून पाहावा. हवा आत घेणारी जाळी पंख्यांच्या खाली मोकळी असावी आणि रबरी पाय उंच असावेत. तळाची झाकणी साध्या स्क्रूंनी उघडणारी असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे साफसफाई वर्षातून दोनदा करावी लागते. भाव वाढेल या आशेने घरातल्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असेल, तर त्याच घरातला लॅपटॉप उघडून पाहावा: पंख्याच्या मागच्या बारीक तांब्याच्या पात्यांवर तंतूंचा करड्या नमद्यासारखा थर बसलेला दिसतो, आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्यातून जात नाही.

गादीवर किंवा गोधडीवर ठेवून गेम खेळू नये, हे मुलांना दहादा सांगावे लागते. कूलर लावलेला असेल तर लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर ठेवू नये. गार हवेबरोबर ओलावा आणि क्वचित पाण्याचे तुषारही येतात. मागची बाजू दोन बाटल्यांच्या झाकणांवर इंचभर उचलली तरी फरक पडतो. गेममध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० वर बांधून ठेवली आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर टर्बो, म्हणजे जादा, वेग बंद होऊन तापमान लक्षणीय उतरते, आणि बहुतेक गेममध्ये नुकसान जाणवत नाही. उन्हाळ्यात मी हे सरसकट करतो.

विजेचेही लक्षात ठेवावे. वेगळे कार्ड असलेला लॅपटॉप बॅटरीवर गेला की कार्डाची ताकद आपोआप कमी होते आणि तासाभरातच बॅटरी संपत येते, म्हणून लोडशेडिंगच्या वेळी अभ्यास होईल, गेम होणार नाही. वडिलांना हा युक्तिवाद फार आवडतो. चार्जर तीन पिनचा असेल आणि घरात अर्थिंग नसेल, तर धातूच्या शरीराला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तो लॅपटॉपचा दोष नसून घरच्या वायरिंगचा आहे, आणि वायरमनला बोलावून तो आधी दुरुस्त करून घ्यावा. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर बोर्डातून काढून ठेवावा.

सातवी पायरी: दुकानातली वीस मिनिटे

जळगावचे गोलाणी मार्केट असो किंवा धुळ्याचा आग्रा रोड, पैसे देण्यापूर्वी मशीन स्वतः हाताळू द्या म्हणावे. सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक केल्यास रॅम किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते, प्रोसेसरवर क्लिक केल्यास त्याचे पूर्ण नाव दिसते, आणि ग्राफिक्सवर क्लिक केल्यास कार्डाची स्वतःची मेमरी दिसते. ही तीन दृश्ये मोबाइलवर फोटो काढून ठेवावीत. मग तळाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळवावा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-पाच उपप्रकार असतात आणि शेवटच्या दोन-तीन अक्षरांत स्क्रीन, रॅम आणि वॅट सगळे बदललेले असते.

वॉरंटीची चौकशी दुकानदाराकडे न करता थेट कंपनीच्या हेल्पलाइनवर करावी. प्रश्न नेमका विचारावा: “४२४००१ या पिनकोडवर माणूस घरी येऊन दुरुस्त करेल, की मशीन नाशिकला पाठवावे लागेल?” तालुक्याच्या गावातून आलेल्यांनी आपल्याच गावाचा पिनकोड द्यावा, जिल्ह्याच्या ठिकाणी घरपोच सेवा असते म्हणून ती शिरपूरला किंवा यावलला असेलच असे नाही. मुलगा होस्टेलवर जाणार असेल, तर अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे विकत घेण्यासारखे आहे.

बिल जीएसटीचेच घ्यावे. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ या बोलीला फसलेल्या माणसाला वॉरंटीच्या वेळी खरेदीची तारीख सिद्ध करता येत नाही. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, म्हणजे ५५ हजारांच्या बिलात सुमारे ८,३९० रुपये कराचे असतात. घरचे दुकान जीएसटीत नोंदलेले असेल आणि लॅपटॉप खरोखर धंद्यासाठी घेत असाल, तरच त्याची वजावट मिळू शकते. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाची रक्कम सवलत म्हणून वळती केलेली असते, तरी त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बँक घेतेच, हे हिशेबात धरावे. ‘डॉस’ लिहिलेले, म्हणजे विंडोज नसलेले, स्वस्त मॉडेल घेऊ नये. त्यावर मोफत लिनक्स टाकले तरी व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट व टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात.

जुन्याचा मोह

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले दुरुस्त करून विकण्याच्या, बाजारात ऑफिसमधून निघालेले मजबूत लॅपटॉप २० हजारांच्या आसपास मिळतात. अभ्यासासाठी ते चांगले आहेत, पण त्यांत गेमिंगचे कार्ड जवळजवळ नसतेच. घेतलाच तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नये, कारण विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि त्याहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. वापरलेला गेमिंग लॅपटॉप मात्र मी कोणालाही सुचवत नाही. आधीच्या मालकाने तो किती उन्हाळे कसा तापवला, हे बाहेरून कळत नाही.

आठवी पायरी: घरचा पहिला आठवडा

ऑनलाइन घेतला असेल तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा. त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल क्रमांक टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते पाहावे. ती तारीख आठ महिन्यांपूर्वीची निघाली, तर तो तुकडा आधी कोणालातरी विकला गेलेला किंवा शोरूममध्ये मांडलेला असण्याची शक्यता आहे. स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून मेलेले ठिपके शोधावेत, सर्व बटणे एकेक दाबून पाहावीत, दोन्ही बाजूंचे पोर्ट पेनड्राइव्ह लावून तपासावेत.

त्यानंतर परत करण्याची मुदत संपण्याआधी, भर दुपारी, मुलगा रोज जिथे बसणार आहे त्याच खोलीत, यादीतला सर्वात जड गेम सलग तासभर चालवावा आणि फ्रेमचा आकडा स्क्रीनवर दिसत राहील असे ठेवावे. पहिल्या पाच मिनिटांतला आकडा आणि पन्नासाव्या मिनिटाचा आकडा वहीत लिहावा. दहा-पंधरा टक्क्यांची घट आपल्या हवामानात चालण्यासारखी आहे. आकडा निम्म्यावर आला, किंवा कीबोर्डचा मधला भाग बोट ठेववणार नाही इतका तापला, तर तो लॅपटॉप आपल्या गावासाठी नाही असे समजून, खोके आणि आतले थर्माकोल फेकून देण्याआधीच, बदलीचा अर्ज भरावा.